टीव्ही बदलत गेला. आता नवा घेताना नेमकं काय पाहायचं?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी,

घरी नवा टीव्ही घ्यायचाय. माहिती काढायला बसलो आणि डोकं भणभणलं. क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओलेड, एचडीआर, १२० हर्ट्झ, ८के... प्रत्येक खोक्यावर अक्षरांची आणि आकड्यांची रांग. यातलं डोळ्यांना दिसणारं किती आणि नुसतं स्टिकरवर छापण्यापुरतं किती, हे कुणी धड सांगत नाही. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. टीव्ही मुळात बदलत कसा आला तेच आधी वाचून काढलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली: प्रत्येक नव्या जातीच्या टीव्हीने काहीतरी दिलं आणि काहीतरी काढूनही घेतलं. काय काढून घेतलं ते कळलं की निवड बरीच सोपी होते. माझी समज मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

जॉन लोगी बेअर्डने १९२६ साली लंडनमध्ये दाखवलेलं चित्र जेमतेम ३० ओळींचं होतं आणि ते फिरत्या तबकडीवर चालायचं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थने फिरते भाग काढून टाकून निव्वळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एक सरळ रेघ पाठवून दाखवली. घरोघरी पोचला तो टीव्ही या दुसऱ्या वाटेवरचा. काचेची पिक्चर ट्यूब, मागे इलेक्ट्रॉनची बंदूक, पडद्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा फॉस्फरचा लेप. रंगीत संचात २५ हजार व्होल्टच्या आसपासचा दाब त्या इलेक्ट्रॉनांना पडद्याकडे खेचायचा आणि चुंबकं तो झोत ओळीमागून ओळ फिरवायची. पडदा जितका रुंद तितकी ट्यूब खोल, म्हणून हे संच भिंतीपासून हात-दीड हात पुढे बसायचे. चालू करताना 'ठण्' असा घुमणारा आवाज यायचा, आठवतोय? पडद्याच्या आत बारीक भोकांची धातूची जाळी असते. तिच्यात साचलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा तो आवाज. आणि एक बारीक शिट्टी सतत वाजायची, १५,६२५ हर्ट्झची. ६२५ ओळी गुणिले सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे तेवढ्या वेळा झोत डावीकडून उजवीकडे जायचा. मुलांना ती ऐकू यायची, वय वाढलं की यायची नाही.

त्या डब्यात तीन गुण होते आणि ते आपण गृहीत धरले होते. झोत बंद असेल तिथे उजेडच नाही, म्हणून काळा रंग खरा काळा. कुठल्याही कोनातून पाहा, रंग तेच. तिसरा गुण हालचालीचा. प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा, त्यामुळे वेगात जाणारा चेंडूही पुसट व्हायचा नाही. बदल्यात वजन, मर्यादित आकार आणि चित्राची लुकलुक.

प्लाझ्माने हे गुण बरेचसे टिकवले. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात हा पडदा तयार झाला तो संगणकावर शिकवण्याच्या एका प्रकल्पासाठी. घरात यायला त्याला तीसेक वर्षं लागली. प्रत्येक ठिपका स्वतः उजळायचा, पण वीज जास्त लागायची, संच तापायचा आणि ठिपके फार लहान करणं अवघड होतं. पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीतूनच बाहेर पडायचं जाहीर केलं, पॅनासॉनिकने २०१३ मध्ये प्लाझ्मा थांबवत असल्याचं सांगितलं. चित्राच्या बाबतीत ते त्या काळचे सर्वांत चांगले संच होते असं माझं ठाम मत आहे.

एलसीडीची गोष्ट वेगळी. तो पडदा स्वतः प्रकाश देतच नाही. मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे कमी-जास्त उघडतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधारातलं दृश्य राखाडी दिसतं. तरीही सपाटपणा, हलकेपणा आणि विजेची बचत यांच्या जोरावर २००७ च्या अखेरीस एलसीडीने जगभरच्या विक्रीत डबा टीव्हीला मागे टाकलं.

त्यानंतर आलेली बहुतेक नावं म्हणजे हाच एलसीडी. 'एलईडी टीव्ही' म्हणजे मागच्या पारायुक्त नळ्यांच्या जागी एलईडी दिवे. 'क्यूएलईडी' म्हणजे त्यात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा एक थर, रंग जास्त शुद्ध करणारा. 'मिनी एलईडी' म्हणजे मागे हजारो बारीक दिवे, आणि त्यांचे गट करून चित्राच्या अंधाऱ्या भागातले मंद करायची सोय. फक्त ओलेड हा मुळातून निराळा. त्यात पुन्हा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. सोनीने २००७ मध्ये ११ इंचांचा आणला, एलजीने २०१३ मध्ये ५५ इंचांचा.

म्हणजे एलसीडीत गेलेला काळा रंग परत मिळवायची धडपड गेली कित्येक वर्षं चालू आहे. मला वाटतं दुकानात पहिला प्रश्न 'किती के?' असा नसून 'उजेड कुठून येतो आणि कुठे बंद होतो?' असा असावा.

आता माझी गरज. खोलीत टीव्हीच्या समोरच्या भिंतीला मोठी खिडकी आहे. दिवसा बातम्या आणि खेळ, रात्री दिवे मालवून सिनेमे. बसायचं अंतर अडीच मीटरच्या आसपास. आकार किती घ्यावा? ओलेड की मिनी एलईडी? आणि स्मार्ट टीव्हीचं सॉफ्टवेअर चार-पाच वर्षांनी रडायला लागतं, त्यावर काही उपाय?

---

भिंगवाला

चांगला धागा. 'उजेड कुठून येतो' हा प्रश्न अगदी योग्य आहे. आकाराचं गणित मी मांडतो.

पडद्याच्या रुंदीने डोळ्याशी साधारण ३० अंशांचा कोन केला की चित्र पुरेसं मोठं वाटतं, हा जुना मानलेला ठोकताळा. त्या हिशोबाने ५५ इंचांना अंतर येतं सुमारे २.३ मीटर आणि ६५ इंचांना २.७. तुमचं अडीच मीटर बरोबर मधे पडतंय. सिनेमे पाहणार असाल तर ६५ कडे झुका.

आता 'के', म्हणजे पडद्यावर ठिपके किती. फुल एचडीत आडव्या ओळीत १,९२० ठिपके असतात, ४के मध्ये त्याच्या दुप्पट आणि ८के मध्ये चौपट. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी बारीक गोष्ट वेगळी ओळखते. ५५ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा असतो, तो २.२ मीटरच्या पलीकडून सुटा दिसत नाही. ४के मध्ये ठिपका त्याच्या निम्मा, म्हणजे अंतरही निम्मं. तुमच्या अंतरावरून ६५ इंची ४के आणि ८के यांत फरक दिसणं शक्य नाही. ८के चा विचार मनातून काढून टाका. तेवढ्या बारीक चित्राचे कार्यक्रमही जवळपास नाहीतच.

जुना डबा टीव्ही बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण अजूनही काही घरांत ते चालू आहेत. जुने पडदे ४:३ प्रमाणाचे, आताचे १६:९. २९ इंची डब्याच्या जागी ३२ इंची सपाट टीव्ही आणला तर उंची थोडी कमीच भरते आणि जुने कार्यक्रम दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांमध्ये आधीपेक्षा लहान दिसतात. तेवढ्याच उंचीच्या चित्रासाठी ३५ इंचांच्या आसपासचा पडदा लागतो.

एलसीडी घेणार असाल तर पॅनलची जात विचारा. व्हीए आणि आयपीएस या एलसीडी पॅनलच्या दोन जाती. व्हीए पॅनलचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या भागाचं प्रमाण) ३,००० ते ५,००० ला १ असतो, आयपीएसचा १,००० ला १ च्या आसपास. अंधाऱ्या खोलीत हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. उलट व्हीए बाजूने पाहिलं की फिका पडतो, आयपीएस त्यामानाने कमी फिका होतो. सोफा समोर असेल तर व्हीए. माणसं खोलीभर बसत असतील तर आयपीएस किंवा सरळ ओलेड.

---

सोल्डरगन

मी टीव्ही दुरुस्तीच्या कामात आहे, डबा टीव्हीपासून. माझ्या टेबलावर जे येतं त्यावरून बोलतो.

एलसीडीची सर्वांत नेहमीची तक्रार: 'आवाज येतो, चित्र नाही.' टेबलावर आला की मी खोली अंधारी करतो, टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरतो. बहुतेक वेळा आत चित्र हलताना दिसतं, भुतासारखं अंधुक. म्हणजे पॅनल जिवंत आहे, मागचे दिवे गेलेत. हे दिवे पट्ट्यांवर एकामागोमाग एक जोडलेले असतात. माळेतला एक जरी जळून जोडणी तुटली तरी अख्खी माळ विझते, आणि मग सर्किट संरक्षणासाठी उरलेल्याही बंद करतं. पट्ट्या बदलता येतात. पण त्यासाठी आधी पॅनल काढून बाजूला ठेवावं लागतं, आणि मोठ्या आकाराचं पॅनल ज्याच्या हाताला सवय नाही त्याच्याकडून हमखास तडकतं. पॅनल तडकलं की संच संपला, कारण नव्या संचाच्या किमतीचा मोठा वाटा त्या पॅनलचाच असतो.

हे दिवे मरतात ते उष्णतेने. नवीन संच बॅकलाइट शंभर टक्क्यांवर ठेवून येतो आणि घरोघरी तो तसाच चालू राहतो. खोलीत चालेल इतका खाली आणा. रात्री तर निम्म्याहून कमी पुरतो. दिव्यांचं आयुष्य त्याने नक्की वाढतं आणि डोळ्यांनाही बरं वाटतं.

दुसरं, अति बारीक संचाच्या मागे लागू नका. एलसीडी फार पातळ करायचा तर दिवे मागे बसत नाहीत, ते कडेला दाटीवाटीने लावावे लागतात. तिथे उष्णता साठते, कडा उजळ दिसतात, आणि चित्राचा अंधारा भाग नेमका मंद करणं जमतच नाही. दोन बोटं जाडी जास्त असलेला, मागे पूर्ण पाठीवर दिवे असलेला संच चित्रालाही चांगला आणि टिकायलाही.

जुन्या डब्यात कपॅसिटर बदलला, कोरडं सोल्डरिंग पुन्हा केलं की संच उठायचा. आता बोर्डच बदलतात. म्हणून घेताना विचारा की या मॉडेलचे बोर्ड आणि पट्ट्या किती वर्षं मिळतील. उत्तर टाळलं गेलं तर दुसरं मॉडेल पाहा.

आणि एक कळकळीची विनंती: जुना डबा टीव्ही घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये बराच काळ वीज साठून राहते. काचेत शिसं असतं, तो फोडून कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

---

खिडकीकडेला

@कोरीपाटी, समोरच्या भिंतीला खिडकी म्हणता, तर माझं मत मिनी एलईडी. दिवसा पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडणार आणि त्याला मात द्यायला भरपूर उजेड लागतो. आमचीही खोली अशीच आहे. ओलेड पाहायला गेलो तेव्हा दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो अप्रतिम दिसत होता. मी तो पुढच्या काचेजवळ लावून दाखवा म्हटलं. तिथे गडद दृश्यात आमचेच चेहरे दिसायला लागले.

पडद्यावरचा लेप जरूर बघा. एकाच किमतीच्या दोन संचांत प्रतिबिंब दाबायच्या क्षमतेत खूप अंतर असतं आणि ते कुठल्याच स्टिकरवर नसतं. बंद टीव्हीसमोर उभं राहून मोबाइलची टॉर्च पडद्यावर मारा. ठिपका लहान आणि जांभळट-मंद दिसला तर लेप चांगला. पांढरा भगभगीत दिसला तर दिवसा त्रास होणार.

---

रातराणी

@खिडकीकडेला, पूर्ण सहमत नाही. पडदा हा उपाय आहे, म्हणजे खिडकीचा पडदा. मिनी एलईडीत मात्र जे दिसतं त्याला घरात काहीच उपाय नाही. काळ्या आकाशात चंद्र असला की त्याच्याभोवती धुरकट वलय येतं, कारण दिव्यांचे गट कितीही केले तरी शेकड्यांत किंवा काही हजारांत, आणि ठिपके ८३ लाख. एक गट हजारो ठिपक्यांना एकत्र उजळतो. काळ्या पट्टीवर पांढरी सबटायटल्स आली की हे रोज दिसतं. एकदा दिसलं की नजर तिकडेच जाते.

ओलेडमध्ये तो प्रश्नच येत नाही. शिवाय बाजूला बसलेल्यालाही तेच रंग दिसतात.

ओलेडवर एकच स्थिर चित्र फार वेळ राहिलं की त्याची कायमची छाप उमटते, ही भीती खरी आहे पण ती वापरावर अवलंबून आहे. दिवसभर एकच बातम्यांचा चॅनल, खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो, असा वापर असेल तर ओलेड घेऊ नका. मिश्र वापर असेल तर एक गोष्ट पाळा: टीव्ही रिमोटने बंद केल्यावर लगेच भिंतीवरचं बटण बंद करू नका. काही तास पाहून झालं की बंद अवस्थेत तो स्वतःच्या ठिपक्यांची झीज मोजून समतोल करतो. वीज तोडली तर ते काम अर्धवट राहतं. बऱ्याच घरांत रात्री मेन स्विच बंद करायची सवय असते, तिथे ओलेडचं आयुष्य नाहक कमी होतं.

---

उंबरठा

सगळे चित्राबद्दल बोलताहेत, मी वापरणाऱ्यांबद्दल बोलते. आमच्याकडे टीव्ही मुख्यतः सासूबाई-सासरे पाहतात. पूर्वी बटण दाबलं की चॅनल लागायचा. आता चालू केल्यावर आधी चित्रांचा बाजार उघडतो, त्यात जाहिराती, आणि चॅनल कुठे हे शोधावं लागतं. सासऱ्यांच्या बोटांना कंप आहे, रिमोटवर आकडे नाहीत, गोल चकती आहे. हातून दुसरंच काही उघडतं आणि मग ते टीव्ही पाहणंच सोडून देतात. हे मला फार लागतं.

नवा संच घेताना मी या तीन गोष्टी पाहिल्या आणि इतरांनीही पाहाव्यात. चालू केल्यावर थेट शेवटचा चॅनल लागेल अशी सेटिंग आहे का. आकड्यांची मोठी बटणं असलेला साधा रिमोट त्या संचावर चालतो का. आणि मेन्यू मराठीत किंवा निदान मोठ्या अक्षरांत करता येतो का. दुकानात रिमोट हातात मागा आणि घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला तिथेच वापरायला द्या.

एक विचारायचं होतं. नव्या टीव्हीवर जुने सिनेमे मालिकेसारखे का दिसतात? माणसं गुळगुळीत सरकतात, सेट खोटा वाटतो.

---

भिंगवाला

@उंबरठा, तो टीव्हीचा दोष नाही, एका सेटिंगचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली नसलेली चित्रं स्वतः तयार करून भरतो म्हणून सगळं घसरत चालल्यासारखं दिसतं. दिग्दर्शकांनाही याचा इतका त्रास झाला की २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीबरोबर एक व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं. पुढच्या वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाची ठरावीक सेटिंग जाहीर झाली. एका निवडीत हे सगळं बंद होतं. तुमच्या संचावर ती नसेल तर चित्राच्या मेन्यूत 'मोशन' किंवा 'स्मूथ' अशा नावाचं काही असेल ते शून्यावर न्या.

हे का आलं त्याचं उत्तर कोरीपाटी यांच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे. डब्यात ठिपका चमकून विझायचा. एलसीडी आणि ओलेडमध्ये चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवलं जातं आणि हालचालीमागे फिरणाऱ्या आपल्या डोळ्याला ते पुसट वाटतं. ते झाकायला मधली चित्रं भरायची युक्ती काढली. खेळ बघताना तिचा थोडा फायदा होतो, सिनेमाला ती मारक आहे.

१२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणाऱ्या पडद्याचा, खरा उपयोगही इथेच. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा आणि पुढचं दोनदा दाखवावं लागतं. कॅमेरा सावकाश फिरला की बारीक हिसके दिसतात. १२० ला २४ ने पाच वेळा सरळ भाग जातो. फक्त खोक्यावर 'मोशन' शब्दाला जोडून २४० किंवा ४८० लिहिलं असेल तर त्यावर जाऊ नका, पॅनल मुळात ६० चं असू शकतं. तांत्रिक तक्त्यात पॅनलचा रिफ्रेश रेट वेगळा दिलेला असतो, तो बघा.

एचडीआरचंही, म्हणजे चित्रातले उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवायच्या पद्धतीचंही असंच. स्टिकर असणं म्हणजे संच तो सिग्नल स्वीकारतो, एवढंच. पडद्याचा उजेड जेमतेम ३०० निट्स (उजेड मोजायचं एकक) असेल तर ढगाची कड किंवा दिव्याची ज्योत उजळून दाखवायला त्याच्याकडे उजेडच नाही. अशा संचावर एचडीआर उलट काळवंडलेलं दिसतं. ६००-७०० निट्सपासून पुढे आणि मागच्या दिव्यांचे गट असतील तरच त्याचा आनंद मिळतो.

---

खेळिया

गेमिंग कन्सोल असेल तरच एचडीएमआय २.१ पाहा: ४के ला १२० चित्रं, चित्रांचा वेग मागेपुढे जुळवून घेणारा व्हीआरआर आणि आपोआप गेम मोड. सगळी पोर्टं २.१ असतातच असं नाही, पुष्कळदा दोनच असतात. कन्सोल नसेल तर यासाठी जास्त पैसे घालवू नका.

---

तारसप्तक

आवाजाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. डबा टीव्हीच्या पोटात भरपूर जागा होती. स्पीकर पुढे तोंड करून बसायचे. आताचा संच पातळ, स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग आपल्यापर्यंत येतो. संवाद कळत नाहीत अशी तक्रार घराघरात आहे आणि लोक आपल्याच कानांना दोष देतात. माझी आई तर ऐकायचं यंत्र घ्यायचा विचार करत होती. साधा साउंडबार टीव्हीखाली ठेवला आणि तिला सगळे संवाद नीट कळायला लागले.

म्हणून बजेट ठरवताना त्यातला एक हिस्सा आवाजासाठी आधीच बाजूला काढा. संचापेक्षा साउंडबार जास्त वर्षं टिकतो. टीव्हीला ईएआरसी लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे ना एवढं पाहा, म्हणजे एकाच केबलने आवाज बाहेर जातो आणि एकाच रिमोटवर चालतो. साउंडबार घ्यायचा नसेल तर मेन्यूतला 'संवाद स्पष्ट' किंवा 'बातम्या' हा आवाजाचा मोड लावून पाहा. बास कमी होतो, बोलणं वर येतं.

---

पहारेकरी

सॉफ्टवेअरच्या प्रश्नाचं उत्तर: टीव्हीचं पॅनल दहा वर्षं टिकू शकतं, आतला संगणक तेवढा टिकत नाही. २०१९ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालणं थांबवलं, कारण त्यांतली यंत्रणा नव्या सुरक्षा पद्धतीला पुरी पडत नव्हती. पडदे ठणठणीत होते. म्हणून पैसे पॅनलसाठी मोजा, स्मार्टपणासाठी नाही. ॲप रडायला लागली की एचडीएमआयला लावायची छोटी स्टिक किंवा बॉक्स घ्या. तो बदलणं स्वस्त आणि सोपं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीकडे कळवणारी यंत्रणा असते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कारणावरून व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर कारवाई केली आणि कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून प्रेक्षकांच्या संमतीशिवाय माहिती गोळा होत होती, असा आरोप होता. ही यंत्रणा एचडीएमआयवरून येणारं चित्रही ओळखू शकते, म्हणजे बाहेरचा बॉक्स लावला तरी सुटका नाही. पहिल्यांदा संच लावताना एकामागून एक 'मान्य' दाबत जाऊ नका. 'पाहण्याची माहिती' आणि 'जाहिराती वैयक्तिक करा' हे दोन्ही नाकारा. टीव्ही तरीही पूर्ण चालतो. बाहेरचा बॉक्सच वापरणार असाल तर टीव्हीला वाय-फायचा पासवर्ड देऊच नका. घरात कोण काय पाहतं हे घराबाहेर जायचं काहीच कारण नाही.

---

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता आईला दुकानात बरोबर घेऊन जाणार आहे.

आकार ६५ इंच ठरला. खिडकीचा विचार करता पाठीवर पूर्ण दिवे असलेला, व्हीए पॅनलचा, खरा १२० हर्ट्झचा मिनी एलईडी. रातराणी यांनी सांगितलेलं वलय दुकानात मुद्दाम तपासणार आहे: पेनड्राइव्हवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेलं चित्र नेतो आणि समोरून नि बाजूने पाहतो. ते खटकलं तर खिडकीला जाड पडदा आणि ओलेड. साउंडबारचे पैसे बाजूला काढलेत.

शेवटचं विचारतो: संच घरी आल्यावर पहिल्या दिवशी काय काय तपासावं?

---

सोल्डरगन

खोकं उघडायच्या आधी चारही कोपरे बघा. चेपलेला असेल तर पोचवणाऱ्याच्या समोरच उघडा आणि मोबाइलवर चित्रण करा. तिरपं पाहून पडद्यावर रेघ किंवा तडा नाही ना ते बघा. संच उचलताना दोघांनी खालून आणि बाजूच्या चौकटीला धरा. पडद्यावर बोटं दाबू नका, आणि मोठा संच सपाट आडवा ठेवू नका.

चालू केल्यावर पूर्ण पडदाभर पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि काळा असे रंग लावा. मेलेला ठिपका पांढऱ्यावर काळा दिसेल, अडकलेला काळ्यावर रंगीत दिसेल. मग राखाडी रंग लावा. एलसीडीत मधे मळकट डाग किंवा उभे पट्टे असतील तर ते खेळ पाहताना हिरव्या मैदानावर रोज दिसणार. थोडे सगळ्यांत असतात, पण नजरेत भरण्याइतके असतील तर परत करायची मुदत संपायच्या आत कळवा. मुदत किती आणि किती ठिपके मेलेले असले तर बदलून मिळेल, हे बिल करतानाच लेखी घ्या.

भिंतीवर लावणार असाल तर मागच्या चार भोकांमधलं अंतर बघून स्टँड घ्या, ३०० बाय ३०० किंवा ४०० बाय ४०० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या जवळपास यावेत इतक्याच उंचीवर लावा. व्हीए पॅनल खालून वर पाहिलं तरी फिकं पडतं, त्यामुळे उंच टांगला तर ज्या काळ्या रंगासाठी एवढं शोधलंत तोच जाईल. मग चित्राचा मोड 'व्हिविड' वरून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' वर आणा. सुरुवातीला पिवळट वाटेल. दोन-तीन दिवस तसाच राहू द्या, आणि पुसायला कोरडं मऊ कापड, फवारा कधीही थेट पडद्यावर नाही.